पाण्याखालच्या चित्रणासाठी दिवा निवडताना

पाण्याखाली वापरण्याचा दिवा घ्यायचा असेल, तर खोक्यावर ठळक छापलेला लुमेनचा (दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाच्या मापाचा) आकडा मी सर्वांत शेवटी पाहतो. बहुतेकांची खरेदी मात्र त्या आकड्यापासून सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. दिवा नेमका कशासाठी न्यायचा, हे आधी स्पष्ट नसल्यामुळे असे होते. दिवसा मारलेल्या बुडीत उजेडाची उणीव फारशी भासत नाही. उणीव असते ती रंगांची. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. साधारण पाच मीटर खोलीवर तो बराचसा नाहीसा झालेला असतो, त्यामागून नारिंगी आणि पिवळा जातो, आणि वीस-पंचवीस मीटरवर बोटाला खरचटले तर येणारे रक्तसुद्धा हिरवट दिसते. गेलेला हा रंग विषयाच्या अगदी जवळ जाऊन परत देणे, हे दिव्याचे मुख्य काम आहे.

दिव्याचा प्रकाशही त्याच पाण्यातून जातो आणि त्यालाही तोच नियम लागू होतो, हे मात्र सहज विसरले जाते. मासा एक मीटरवर असेल तर प्रकाश जाऊन-येऊन दोन मीटर पाणी कापतो. मासा दोन मीटरवर असेल तर चार मीटर. अंतर वाढेल तसा प्रकाश वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जातो, तो हिशेब वेगळाच. लुमेन दुप्पट केले तर हवेतसुद्धा पल्ला जेमतेम चाळीस टक्के वाढतो, पाण्यात त्याहूनही कमी. म्हणूनच दिवा कितीही दणकट असला तरी रंग खऱ्या अर्थाने उमटतात ते मीटर-दीड मीटरच्या आतच. एवढ्या अंतरात प्रकाश कसा पसरतो, त्याचा रंग कसा आहे आणि तो कोणत्या दिशेने येतो, यावर चित्राचा दर्जा ठरतो.

पहिला निर्णय स्थिरचित्रे की व्हिडिओ हा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. व्हिडिओ लाइटवर, म्हणजे सतत जळणाऱ्या दिव्यावर, दोन्ही कामे होतील, असा सल्ला अनेकदा मिळतो. तो अर्धाच खरा आहे, कारण साधे गणित त्याच्या आड येते. पाच हजार लुमेनचा सततचा दिवा १/२०० सेकंदाच्या शटरला फक्त पंचवीस लुमेन-सेकंद इतका प्रकाश पुरवतो. पन्नास ज्यूलचा मध्यम स्ट्रोब, म्हणजे क्षणभरच लखलखणारा फ्लॅश, तेवढ्याच अवधीत हजाराहून अधिक लुमेन-सेकंद ओततो. या फरकामुळे स्ट्रोबवाल्याला लेन्सचे छिद्र एफ/८ किंवा एफ/११ इतके लहान ठेवून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) खालीच राखता येतो, आणि मागच्या पाण्याचा निळा रंग शटरचा वेग कमी-जास्त करून हवा तसा गडद किंवा फिका करता येतो. सततच्या दिव्यावर काम करणाऱ्याला छिद्र उघडावे लागते, आयएसओ वाढवावा लागतो आणि चपळ मासा धूसर येण्याचा धोका पत्करावा लागतो. एका क्षणात भरपूर प्रकाश मिळवण्याची ही गरज जुनी आहे. १९२६ मध्ये विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगाज बेटांपाशी पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली, तेव्हा तरंगत्या तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवून त्यांनी पाण्यात उजेड पाडला होता. त्या मानाने हातात मावणारा स्ट्रोब म्हणजे चैनच म्हणायची.

ज्यांचा भर स्थिरचित्रांवर आहे त्यांनी स्ट्रोबच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. याला अपवाद मॅक्रोचा, म्हणजे लहान जिवांच्या अगदी जवळून घेतलेल्या चित्रांचा. समुद्री गोगलगाय किंवा कोळंबी वीतभर अंतरावर असते, तिथे दोन-तीन हजार लुमेनचा दिवा पुरतो आणि सावली कुठे पडते हे शटर दाबण्यापूर्वीच दिसते, त्यामुळे नवशिक्यांना शिकणे सोपे जाते. स्ट्रोबसोबतही फोकससाठी लहान दिवा लागतोच. त्यात लाल प्रकाशाची सोय असल्यास रात्रीच्या बुडीत ती फार उपयोगी पडते, कारण अनेक माशांना आणि कवचधारी प्राण्यांना लाल रंग नीट जाणवत नाही व ते बिथरून दडून बसत नाहीत.

व्हिडिओसाठी दिवा घेताना मी झोताच्या कोनापासून सुरुवात करतो. जाहिरातीतला कोन बहुधा हवेत मोजलेला असतो. दिव्याची काच सपाट असेल तर पाण्यात गेल्यावर अपवर्तनामुळे झोत आवळला जातो, आणि हवेतला १२० अंशांचा झोत पाण्यात सुमारे ८१ अंशांचा उरतो. घुमटाकार काचेच्या दिव्यात ही घट बरीच कमी असते, म्हणून डोम पोर्टमागे (कॅमेऱ्याच्या जलरोधक कवचाच्या घुमटाकार काचेमागे) वाइड लेन्स लावणाऱ्यांनी तसाच दिवा पाहावा. कोनाइतकेच महत्त्व झोताच्या सारखेपणाला आहे. मधोमध पांढराफटक ठिपका आणि कडेला अंधार असा झोत शोधाशोधीच्या टॉर्चला ठीक आहे. व्हिडिओत तो ठिपका प्रवाळावरून सरकताना दिसतो आणि संपादनात काही केल्या जात नाही. तेच लुमेन अरुंद कोनात कोंबले की दिवा डोळ्यांना प्रखर वाटतो. दुकानात हातात घेऊन पाहणारा ग्राहक नेमका इथेच फसतो.

यानंतर रंगाचा दर्जा. दिव्याच्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा सीआरआय हा निर्देशांक उत्पादक देतात आणि नव्वदच्या वर असेल तर तो अभिमानाने मिरवतात. हा सरासरी आकडा आठ फिकट रंगनमुन्यांवरून काढलेला असतो आणि गडद लाल रंग, म्हणजे आर-नऊ हा नमुना, त्यात धरलेलाच नसतो. सीआरआय ऐंशी असलेला दिवा लाल रंगात अगदी दरिद्री निघू शकतो. आणि आपण दिवा पाण्यात नेतो ते मुळात लाल रंगासाठीच. म्हणून आर-नऊचा आकडा वेगळा दिलेला असेल तर तो अवश्य पाहावा, आणि दिलेला नसेल तर विक्रेत्याला विचारावा. रंगतापमान (प्रकाश पिवळसर-उबदार की निळसर-थंड याचे माप) साधारण ५,००० ते ५,६०० केल्विन असले की बहुतेक कामे निभावतात. स्ट्रोब थोडा उबदार असेल तर वेगळाच फायदा होतो: व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगांचा तोल साधणारी मांडणी) त्या उबदार प्रकाशाला जुळवला की मागचे पाणी अधिक निळे दिसू लागते. लेन्सवर लाल फिल्टर चढवून त्याच वेळी दिवेही लावणे मात्र टाळावे. जवळचा मासा लालभडक आणि मागचा खडक हिरवट असे विचित्र दृश्य त्यातून निपजते.

दिवा एक घ्यावा की दोन, हा प्रश्न पैशांचा वाटतो, पण त्याचा खरा संबंध बॅकस्कॅटरशी, म्हणजे पाण्यातल्या कणांवरून लेन्सकडे परतणाऱ्या प्रकाशाशी, आहे. धुक्यात गाडीचा अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसेच कॅमेऱ्याच्या शेजारीच लावलेला दिवा पाण्यातले कण उजळवतो. उपाय म्हणजे दिवे लांब दांड्यांवर दोन्ही बाजूंना नेणे, त्यांचे तोंड डोम पोर्टच्या मागे ठेवणे आणि झोत किंचित बाहेर वळवून त्याच्या कडेच्या प्रकाशाने विषय उजळणे. लेन्स आणि विषय यांच्यामधल्या पाण्यावर जितका कमी प्रकाश पडेल तितके चित्र स्वच्छ येते. मध्यम ताकदीचे दोन दिवे एका बलाढ्य दिव्यापेक्षा मला नेहमी सरस वाटतात, ते याच कारणाने. सावल्याही मऊ होतात आणि एक दिवा रुसला तर बुडी वाया जात नाही. त्यासाठी दिव्याचे पाण्यातले वजन पाहावे. जड दिव्यांना दांड्यांवर फ्लोट लावावे लागतात, नाहीतर अर्ध्या तासात मनगट दुखू लागते.

बॅटरीबाबत थोडक्यात सांगतो. विमानाने जाणाऱ्यांनी लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वॅट-तासांत काढावी. शंभर वॅट-तासांपर्यंत सहसा अडचण येत नाही, त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, आणि सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. ३.६ व्होल्ट आणि ५,००० मिलिअँपिअर-तासांचे चार सेल मिळून ७२ वॅट-तास होतात, म्हणजे ते निश्चिंतपणे बसतात. ओ-रिंगवर, म्हणजे झाकणातून पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्यावर, केस किंवा वाळूचा कण राहिला तर महागडा दिवाही पाणी पितो. आत पाणी शिरलेला दिवा उघडताना झाकण चेहऱ्याकडे कधीही धरू नये, कारण आत वायूचा दाब साठलेला असू शकतो.

दिवा हाती आला की समुद्राची वाट न पाहता दोन चाचण्या घरीच घ्याव्यात. पहिल्या चाचणीत दिवा मंद करून पांढऱ्या भिंतीवर पाडावा आणि निरनिराळ्या शटर वेगांवर व्हिडिओ घ्यावा. काही दिवे प्रकाश अतिवेगाने चालू-बंद करून मंद करतात. तो खेळ डोळ्यांना दिसत नाही, पण व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसतात. दुसऱ्या चाचणीत दिवा पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून पूर्ण तेजावर ठेवावा. पाण्याबाहेर तसा ठेवला तर तो तापून स्वतःच प्रकाश घटवतो आणि चाचणीला अर्थ उरत नाही. कॅमेऱ्याची मांडणी कायम ठेवून दर पाच मिनिटांनी त्याच भिंतीचा फोटो काढत गेले की तेज कधी आणि किती उतरते ते कळते. पट्टे दिसले, किंवा तासभराच्या बुडीसाठी घेतलेला दिवा पंधरा मिनिटांत निम्म्यावर आला, तर परतीची मुदत संपण्याआधीच तो दुकानदाराला परत करावा.