काळी पाटी, पिवळी अक्षरं: पुण्यातून भिगवण आणि चांदोली, भाड्याच्या गाडीने

जंगलाकडे न्यायची गाडी भाड्याने घेताना आम्ही आधी नंबरप्लेट बघतो, बॉनेट नंतर. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ती गाडी स्वतः चालवण्यासाठी भाड्याने द्यायला नोंदलेली असते. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी, ड्रायव्हरसकट. आणि पांढरी पाटी म्हणजे कुणाची तरी घरची गाडी, जी 'ओळखीतून' चार पैसे कमी करून मिळते. अपघात झाला की खाजगी गाडी भाड्याने फिरत होती एवढ्या मुद्द्यावर विमा कंपनी दावा नाकारू शकते. मग ते वाचलेले चार पैसे कुठे गेले, याचा हिशेब करत बसा.

उजनी जलाशयाकाठच्या भिगवणला ड्रायव्हरसकट गाडी परवडते, पण हिशेब समजून घ्यावा लागतो. बाहेरगावच्या गाडीला रोजचं किमान रनिंग धरतात, बहुतेक ठिकाणी 300 किलोमीटर, तेही मालकाच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत. टोल, पार्किंग, ड्रायव्हर भत्ता वेगळा. पुणे-भिगवण साधारण 105 किलोमीटर, जाऊन-येऊन 210. उरलेल्या नव्वदचे पैसे तुम्ही देणारच आहात, तर ते वापरा. येताना सोलापूर रस्ता सोडून बारामती, सुपे, चौफुला असं फिरून या. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं, पण माळावर चिंकारा दिसतात. एवढं फिरूनही आकडा अडीचशेच्या आसपास राहतो.

फ्लेमिंगो बघायचे तर उजाडताना भिगवणजवळच्या कुंभारगावला किंवा डिकसळला होडीत बसलेलं असावं. म्हणजे हडपसर पहाटे चारला सोडायचं, आणि स्वतः चालवायची असेल तर गाडी आदल्या रात्रीच ताब्यात हवी. इथे वेळ निवडण्यात लोक चुकतात. संध्याकाळी 6 ते संध्याकाळी 6 घेतली की परतीला हडपसरच्या गर्दीत घड्याळाकडे बघत बसावं लागतं आणि उशिराचा दंड लागतो. रात्री 9 ते 9 घ्या. गाडी कुठून घ्यायची तेही दिशेवर ठरवा: सोलापूर रस्त्याला हडपसर-मगरपट्टा, साताऱ्याकडे वारजे-कात्रज, भीमाशंकरला भोसरी. वाकडहून गाडी उचलून सोलापूर रस्त्याला लागायचं म्हणजे आधी सगळं पुणे ओलांडायचं.

चांदोलीचं गणित निराळं. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा 2004 चा. 2010 पासून कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वाघ दिसेल या आशेने जाऊ नका. गवा, सांबर आणि वारणेचं खोरं यांसाठी जा. पावसाळ्यात पर्यटन बंद असतं. पुण्याहून कऱ्हाड 160 किलोमीटर, मग शेडगेवाडी, आरळा करत वारणावती. इंधन कऱ्हाडलाच भरा. ड्रायव्हर नेणार असाल तर त्याच्या झोपायची सोय आधी फोनवर पक्की करा. रात्रभर गाडीत अवघडलेला माणूस दुसऱ्या दिवशी तुम्हाला घाटातून आणणार असतो.

या रस्त्याला गाडीची उंची बघावी. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे तळ आणि जमिनीतलं अंतर, 163 मिलिमीटर, ब्रेझाचा 198. पाच माणसं आणि सामान भरलं की गाडी आणखी बसते, आणि खड्ड्यात खालून घासते ती स्विफ्टच. भाड्याच्या करारात तळाचं नुकसान, टायर, क्लच आणि हरवलेली किल्ली सहसा विम्याबाहेर असतात. ती ओळ सही करण्याआधी शोधा. सीएनजी अर्टिगा स्वस्त वाटते, पण मागच्या जागेत सिलिंडर बसतो. सहा माणसं आणि सहा बॅगा मावत नाहीत, कितीही रचा.

गाडी घेताना उजेडात, किल्ली हातात घेण्याआधी, एक सलग व्हिडिओ काढा: चारी बाजू, रिम, दोन्ही बंपरच्या खालच्या कडा, पुढची काच, ओडोमीटर, इंधनाचा काटा. अंधारात ओरखडे दिसत नाहीत, म्हणून रात्री घेताना गाडी पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली न्यायला लावा. टायरच्या कडेला चार आकडे असतात; 2321 म्हणजे टायर 2021 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. स्टेपनीवरचेही वाचा, आणि तिच्यात हवा आहे का ते दाबून बघा. जॅक, टॉमी (जॅक फिरवायचा दांडा) आणि पाना डिकीत आहेत का? पीयूसी आणि विम्याची तारीख संपलेली नाही ना?

फास्टॅगमध्ये शिल्लक किती आणि ती कुणाची, हे लिहून घ्या. टॅग चालला नाही तर टोल जास्त पडतो. भिगवणला वाटेत पाटसचा टोल, कऱ्हाडपर्यंत खेड शिवापूर, आनेवाडी आणि तासवडे. फास्टॅगचा वार्षिक पास फक्त खाजगी गाड्यांना आहे, काळ्या पाटीला नाही.

परतताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत उतार आहे. तिथे ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांचे अपघात वारंवार होतात. भाड्याच्या गाडीच्या ब्रेकची तुम्हाला दोन दिवसांचीच ओळख, त्यामुळे न्यूट्रलवर अजिबात सोडू नका. तिसऱ्या गिअरवर, मागचा ट्रक आरशात ठेवून उतरा. गाडी परत देताना चिखल धुवून द्या, नाहीतर धुलाईचे पैसे अनामत रकमेतून कापतात. आणि मालकासमोरच दुसरा व्हिडिओ काढा, पहिला काढला होता त्याच क्रमाने.