सिलिंडर फुटणार का?

चाळीतली खोली, १० बाय १२. पुढे टेबलाशी मुलगा रिडेव्हलपमेंटच्या कागदांवर सह्या करतोय, मागे स्वयंपाकघराच्या दारात पाटावर वडील. वडिलांना एकही संवाद नाही. दिग्दर्शकाला मध्ये कट नको होता. दोघं एकाच फ्रेममध्ये, आणि दोघंही शार्प.

कॅमेऱ्यापासून मुलगा ५ फुटांवर, वडील १४ फुटांवर. सुपर ३५ सेन्सर (सिनेमाच्या कॅमेऱ्यांतला नेहमीचा आकार) आणि ३५ एमएम लेन्स असेल, तर दोघांना फोकसमध्ये धरायला जवळपास एफ ११ लागतो. एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान: जास्त खोलवर शार्प, पण आत उजेड कमी. जास्त रुंद दाखवणाऱ्या २५ एमएमवर तेच काम एफ ५.६ ला होतं, फोकस साडेसात फुटांवर, म्हणजे दोघांच्या मधल्या रिकाम्या हवेत ठेवून. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, दोन स्टॉपचा फरक म्हणजे चौपट. चाळीच्या मीटरवर एवढा भार टाकता येत नव्हता आणि जनरेटर गल्लीत शिरत नव्हता. २५ लावली. वडील लहान दिसायला लागले, पण दाराची चौकट त्यांच्याभोवती बसली, म्हणून हरवले नाहीत. दाराचं एक पान अर्धं लोटल्यावर ती चौकट आणखी अरुंद झाली. त्या दिवसातलं सगळ्यात नीट जमलेलं काम हेच.

चार टेक झाले. मॉनिटरमागे चहा घेऊन उभ्या असलेल्या स्पॉटदादांनी विचारलं, "साहेब, शेवटी सिलिंडर फुटणार का?"

वडिलांच्या खांद्यामागे गॅसचा लाल सिलिंडर. आर्टवाल्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, स्वयंपाकघरात तो असणारच. पण अख्ख्या पांढुरक्या फ्रेममध्ये लाल तेवढाच, तोही शार्प, तोही चौकटीच्या आत. नजरेला रस्ता आम्हीच आखून दिला होता. एफ २ वर तो नुसता डाग राहिला असता. मॉनिटरसमोरचे आम्ही सगळे अभिनय बघत बसलो होतो. "ग्रेडिंगमध्ये बघू", म्हणजे शूटिंगनंतर रंग सुधारताना बघू, हे वाक्य तर सेटवरून हद्दपारच करायला हवं. वडिलांचा हात सारखा सिलिंडरवरून जातो, म्हणजे तेवढ्याच भागाचा रंग बदलायला आखलेली हद्द, मास्क, एकेका फ्रेमला सरकवत बसायचं, आणि तरी बोटांच्या कडा फाटतातच.

सिलिंडर काढला आणि भलतंच बिघडलं. वडिलांचा मळकट पांढरा सदरा मागच्या चुन्याच्या भिंतीत विरघळला. खांद्याची कड त्या लाल रंगानेच सुटी ठेवली होती. मग कडेसाठी आतली ट्यूबलाइट लावली. जुना चोक, ५० हर्ट्झची वीज, म्हणजे ट्यूब सेकंदाला शंभरदा मिणमिणते. सेकंदाला २४ फ्रेम असताना १८० अंशांचं शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या अर्ध्या वेळापुरतं उघडं, ठेवलं तर उजेड लपलपतो, म्हणून १७२.८ केलं, म्हणजे एक्स्पोजर बरोबर सेकंदाचा पन्नासावा भाग. तोवर मांडणीवरची स्टीलची ताटं चमकायला लागली. डब्यांवर चमक मारणारा डलिंग स्प्रे मारला, ताटं किंचित कलती केली.

पाचवा टेक स्वच्छ आला. आधी सही दिसते, मग सावकाश नजर वडिलांकडे जाते. कागदावर ठरलं होतं अगदी तसं.

एडिटरने तिसरा लावला, सिलिंडरवाला. त्याचं म्हणणं, पाचव्यात वाईट वाटतं, तिसऱ्यात भीती वाटते. मी बराच वेळ भांडलो. म्हटलं, ही भीती कथेतली नाही, भांड्याकुंड्यांतून आलेली आहे. तो म्हणाला, प्रेक्षकाला काय फरक पडतो?

पाचव्या टेकनंतर स्पॉटदादांनी काहीच विचारलं नव्हतं.