एक नलिका कोरडी राहिली तेव्हा

यकृताच्या पेशींचा 2 बाय 2 सेंटीमीटरचा, 1 सेंटीमीटर जाडीचा ठोकळा त्या दिवशी बायोप्रिंटरमधून, म्हणजे जिवंत पेशींची शाई थरावर थर छापणाऱ्या यंत्रातून, अगदी नेटका उतरला होता. शाई आमची नेहमीचीच: 10 टक्के जेलएमए, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारं जिलेटिन, त्यात प्रकाश शोषून ती क्रिया सुरू करणारं 0.25 टक्के एलएपी आणि दर मिलीलिटरला 50 लाख पेशी. शाईची नळी, म्हणजे काडतूस, 24 अंशांवर. ऊब वाढली की धार ओघळते. गारठा वाढला की जेल आवळतं, दाब वाढवावा लागतो आणि पाव मिलिमीटरच्या सुईतून जाताना पेशी फाटतात. 405 नॅनोमीटरचा प्रकाश पेशींनी भरलेल्या जाड थरात खोल शिरत नाही, म्हणून दर काही थरांनंतर झोत द्यायचा.

पेशींना पोषकद्रव पोचवणाऱ्या नलिकांच्या जागी प्लुरोनिक नावाचं, नंतर धुऊन काढायचं जेल छापलं होतं. त्याचा स्वभाव उलटा: खोलीच्या तापमानाला घट्ट, 4 अंशांना पातळ. ठोकळा गार करून ते धुऊन काढलं की पोकळ वाट उरते. दोन नलिकांमधली भिंत 0.4 मिलिमीटरची ठेवली होती, कारण पेशींच्या दाटीत ऑक्सिजन जेमतेम 0.2 मिलिमीटर पोचतो.

37 अंशांना पोषकद्रव फिरवून पुढे काप घेतला, कॅल्सीन आणि प्रोपिडियम आयोडाइडने रंगवला. सगळीकडे जिवंत पेशींचा हिरवा रंग, आणि एकाच नलिकेभोवती लाल कडं. तिथल्या पेशी मेल्या होत्या. पंप तर व्यवस्थित होता, बाहेर येणारा द्रवही मोजून तेवढाच! नलिका समांतर असल्या की हीच पंचाईत. एक तुंबली तर तिचा वाटा शेजारणी उचलतात आणि एकूण प्रवाहात काही कळत नाही. इथे बुडबुडा अडकला होता. गार द्रव तापला की त्यात विरघळलेली हवा सुटते. आता द्रव आधी तापवून त्यातली हवा काढून टाकतो, वाटेत बुडबुडे अडवणारी कुपी ठेवतो, आणि फक्त प्रवाहावर विसंबत नाही, दाबही नोंदवतो.

हा ठोकळा 4 मिलीलिटरचा, छपाईला तासभर. माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं. एका सुईने याच वेगाने पंधरा दिवसांहून जास्त लागतील, आणि तोवर पहिले थर उपाशी. शिवाय केशवाहिन्या 5 ते 10 मायक्रॉनच्या, सुई 250 ची. मोठ्या वाहिन्या छापायच्या आणि बारीक जाळं अस्तरपेशींना, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींना, विणू द्यायचं, हाच मार्ग मला पटतो; पण त्या विणकामाला काही दिवस जातात. म्हणूनच रक्तवाहिन्या नसलेली कूर्चा पुढे गेली: 2022 साली रुग्णाच्याच पेशींपासून छापलेला बाह्यकर्ण अमेरिकेत बसवला गेला. यकृताच्या बाबतीत वाहिन्या जमल्या तरी त्या रुग्णाच्या धमनीला शिवाव्या लागणार, आणि आमचं हे जेल टाका ओढताच फाटतं.