बोट मेलचं शेवटचं स्टेशन

काशी झाली, रामेश्वर झालं की आपली यात्रा पुरी. रामेश्वरापुढे समुद्र आणि समुद्रापुढे रावण, एवढाच भूगोल आपल्या आजी-आजोबांना पुरायचा. आता २०१७पासून धनुष्कोडीच्या टोकापर्यंत डांबरी रस्ता झाला आहे, त्यामुळे दर्शन आटोपून मंडळी तिकडेही जातात. 'भारत इथे संपतो' असं म्हणत फोटो काढतात आणि शंख-शिंपल्यांचा भाव करतात.

रेल्वेला मात्र तिथे काही संपतंय असं वाटलं नव्हतं. १९१४ साली रामेश्वरचं बेट मुख्य भूमीला जोडणारा पांबनचा दोन किलोमीटरहून लांब पूल खुला झाला तो यात्रेकरूंची सोय म्हणून नव्हे, तर कोलंबोसाठी. पूल ओलांडून गाडी बेटावर आली की पांबन जंक्शनला रुळांचे दोन फाटे व्हायचे. एक रामेश्वरला, दुसरा धनुष्कोडीला. मद्रासहून आलेली बोट मेल, म्हणजे लंकेच्या बोटीला जोडून धावणारी गाडी, दुसऱ्या वाटेने जायची. म्हणजे ज्वारीच्या पिठाचे लाडू बांधून महिनोन्महिने चालत आपले पूर्वज जिथे पोचायचे, ते ठिकाण साहेबाच्या वेळापत्रकात बाजूला पडलेलं! मला याची गंमत वाटते, आणि थोडा रागही येतो.

धनुष्कोडीला गाडीतून उतरायचं, कस्टमवाल्यांना सामान दाखवायचं आणि बोटीत चढायचं. तीस-पस्तीस किलोमीटर पाणी कापलं की लंकेतल्या तलैमन्नारचा धक्का. तिथे पुढची गाडी. मद्रास ते कोलंबो एकच तिकीट. ज्याला आपण आज टोक म्हणतो, तिथे तेव्हा लोक फक्त गाडी बदलत होते, दादरला बदलावी तशी.

२२ डिसेंबर १९६४च्या मध्यरात्री पांबनहून धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर पोचली नाही. चक्रीवादळात समुद्र बेटावर चढला आणि स्टेशन थोडक्यावर राहिलं असताना लाटांनी अख्खी गाडी घेतली. आत शंभराहून अधिक माणसं होती. त्याच रात्री धनुष्कोडी गावही गेलं. यावर आणखी लिहिण्याची माझी छाती नाही.

पांबनच्या पुलाचे बहुतेक गर्डरही समुद्रात पडले. जहाजांसाठी दोन बाजूंनी उचलला जाणारा मधला भाग तेवढा टिकला. दुरुस्तीची जबाबदारी पडली एका बत्तीस वर्षांच्या इंजिनिअरवर. रेल्वेने सहा महिन्यांची मुदत ठरवली होती, वरिष्ठांनी ती तीनवर आणली, आणि या माणसाने समुद्रात पडलेले गर्डर शोधून, उचलून, पुन्हा बसवून ४६ दिवसांत पूल चालू केला. हे ई. श्रीधरन. पुढे कोकण रेल्वेमुळे ते आपल्याला घरच्यासारखे झाले, पण त्यांची पहिली मोठी परीक्षा पाण्यानेच घेतली होती.

पूल उभा राहिला, फाटा मात्र पुन्हा टाकला नाही. धनुष्कोडी वस्तीला अयोग्य म्हणून जाहीर झालं होतं. गावच नाही तर गाडी कुणासाठी न्यायची? पांबनचं जंक्शनपण गेलं. रामेश्वरचा फाटा मुख्य मार्ग झाला. देवाने दावा जिंकला म्हणा, पण असा जिंकायला नको होता. बोट मेल आजही चेन्नईहून सुटते आणि रामेश्वरला थांबते. वाळूत स्टेशनच्या भिंती आहेत, चर्चचे अवशेष आहेत.

२०१९ साली रामेश्वर-धनुष्कोडी लोहमार्ग पुन्हा टाकण्यासाठी कोनशिला बसली. २०२५मध्ये पांबनला नवा पूलही आला, त्याचा एक भाग जहाजांसाठी सरळ वर उचलला जातो. तेवढ्या वाळूच्या पट्ट्यावर पुन्हा रूळ टाकावेत का, यावर वाद आहे, आणि मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. नुसतं टोक बघायला गाडी कशाला? रस्ता आहे. समोरून बोट सुटणार असेल तर गोष्ट वेगळी.

आणि समोरची बाजू तयार आहे. लंकेतल्या यादवीत तलैमन्नारची लाइनही बंद पडली होती. ती २०१५ साली पुन्हा सुरू झाली, थेट धक्क्यापर्यंत. बांधली कुणी? आपल्याच रेल्वे खात्याच्या इरकॉन कंपनीने.