सिंगापूर-पेनांग-फुकेत क्रूझ: फुकेतला फोनमधल्या घड्याळावर विश्वास ठेवू नका

परत येऊन चार दिवस झाले, कपडे अजून धुवायचे पडलेत, पण आधी हे लिहून टाकते, कारण दिवाळीच्या सुट्टीत पुण्यातून भरपूर लोक हीच ट्रिप करतात आणि आमच्यासारखं कुणाचं होऊ नये. आम्ही चौघं होतो: मी, नवरा, सासूबाई (वय ६८) आणि मुलगा (वय ९). चार रात्रींची क्रूझ, सिंगापूरहून निघून पेनांग, मग फुकेत, एक दिवस नुसता समुद्रात आणि परत सिंगापूर. तुम्ही रोज पाच-सहा किलोमीटर चालू शकता, हलत्या बोटीतून धक्क्यावर पाय टाकू शकता असं धरूनच लिहितेय. सासूबाई अजूनही दर रविवारी हनुमान टेकडी चढतात म्हणून त्यांना जमलं, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी फुकेतला खाली उतरायच्या आधी दहा वेळा विचार करा.

आधी तेच सांगते, फुकेत.

तिथे मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, पटाँगच्या खाडीत नांगर टाकून उभं राहतं. मग छोट्या बोटीने, त्याला टेंडर म्हणतात, किनाऱ्याजवळच्या तरंगत्या धक्क्यापर्यंत नेतात. सकाळी टेंडरचे नंबर वाटतात आणि जहाजाची स्वतःची टूर घेतलेल्यांना पहिल्यांदा सोडतात, बाकीचे बसा वाट बघत. आमचा नंबर यायला सव्वादहा झाले. पटाँग पश्चिमेला उघडं आहे, त्यामुळे मे ते ऑक्टोबर नैऋत्य मान्सूनमध्ये तिथे लाटा जास्त असतात, त्या महिन्यांत जात असाल तर ऐन वेळी टेंडर रद्द होऊ शकते ही तयारी ठेवा.

आता घड्याळाची गोष्ट. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. थायलंड मात्र आपल्यापेक्षा दीडच तास पुढे, म्हणजे सिंगापूरपेक्षा एक तास मागे. आमच्या जहाजाने वेळ बदलली नाही, सगळा कारभार सिंगापूरच्या वेळेवरच चालला होता. आदल्या रात्री केबिनमध्ये जो कागद ठेवतात त्यावर लिहिलं होतं, शेवटची टेंडर साडेचार, शिप टाइम. मी ते वाचलं होतं. नवऱ्यानेही वाचलं होतं. पण किनाऱ्यावर उतरल्यावर फोनला थायलंडचं नेटवर्क मिळालं आणि फोनने आपोआप एक तास मागची वेळ दाखवायला सुरुवात केली, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. डोक्यात साडेचार, फोनवर थायलंडची वेळ, आणि आम्ही निवांत.

आम्ही जहाजाची टूर घेतली नव्हती कारण इथल्या आमच्या एजंटने ठासून सांगितलं होतं, "जहाजाची टूर घेऊच नका, तिप्पट पैसे लावतात, बाहेर उतरलं की व्हॅन मिळते." व्हॅन मिळते हे खरं आहे. धक्क्यावरून बाहेर पडलं की बोर्ड घेऊन लोक उभेच असतात. २,००० बाथ ठरले (एका बाथला साधारण पावणेतीन रुपये धरा), चालाँगचं देऊळ (वाट चालाँग), ओल्ड टाउन आणि परत. देवळानंतर ड्रायव्हर आम्हाला न विचारता एका रत्नांच्या दुकानात घेऊन गेला, मग काजूच्या दुकानात. तिथे त्यांना कमिशन मिळतं. नको म्हटलं तरी "टेन मिनिट, टेन मिनिट", आणि या सगळ्यात पाऊण तास गेला. ओल्ड टाउनला पोचलो, जुन्या रंगीत घरांच्या रांगेसमोर फोटो काढत होतो, फोनवर दोन दहा झाले होते, म्हणजे आमच्या हिशोबाने अजून सव्वादोन तास हातात. नारळपाणी घेऊन बसलो.

सासूबाईंनी मनगटावरचं घड्याळ सिंगापूरला उतरल्यावर लावून घेतलं होतं आणि त्यांच्या फोनमध्ये तिकडचं सिम नव्हतं. त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या घड्याळात तीन दहा झालेत, तुझ्या फोनमध्ये दोन कसे?" मी म्हटलं, आई, तुमचं घड्याळ पुढे असेल. आणि हे तोंडातून निघतानाच माझ्या पोटात गोळा आला. नवऱ्याने कागदाचा फोटो काढून ठेवला होता, तो उघडला, शिप टाइम. हातात एक तास वीस मिनिटं आणि पटाँग पंधरा किलोमीटर, मधला डोंगराचा रस्ता आणि ट्रॅफिक वेगळाच.

ड्रायव्हरला शोधायला दहा मिनिटं गेली. आल्यावर म्हणाला ३,२००, वेटिंगचे जास्त. आमची बॅग त्याच्या डिकीत. दहा मिनिटं भांडण्यापेक्षा मी पैसे काढून दिले, आजही राग येतो पण त्या वेळी दुसरा इलाजच नव्हता. घाटाच्या वळणांवर एका ट्रकच्या मागे आम्ही इंचाइंचाने सरकत होतो, मुलगा विचारतोय "जहाज गेलं का?", आणि सासूबाई घड्याळ हातात धरून मोठ्याने वेळ सांगतायत. चार बारा. चार बाराला धक्क्यासमोर उतरलो, पुढे दीडशे-दोनशे माणसांची रांग, डोक्यावर ऊन. रांग बघून मला रडू आलं, पण रांग होती म्हणजे आपण वाचलो, हे नंतर कळलं. टेंडरमध्ये चढताना धक्का खालीवर होत होता, दोन खलाशांनी सासूबाईंना दोन्ही दंडांना धरून आत घेतलं, त्या पोरांचे उपकार विसरणार नाही.

तर यातून काय घ्यायचं ते. जहाज फक्त स्वतःच्या टूरसाठी थांबतं. तुमची प्रायव्हेट व्हॅन अडकली तर थांबत नाही, निघून जातं, आणि मग तिथून सिंगापूरला विमानाने स्वतःच्या खर्चाने. म्हणून फुकेतला जहाजाचीच टूर घ्या, महाग असली तरी घ्या, आधी टेंडर मिळते आणि वेळेची काळजी त्यांची. घ्यायचीच नसेल तर पटाँगच्या किनाऱ्यावरच थांबा किंवा ॲपवरून गाडी बोलवा, ग्रॅब आणि बोल्ट दोन्ही तिथे चालतात. धक्क्यावरच्या व्हॅनवाल्याशी बोलायचंच असेल तर रक्कम, किती तास, वेटिंग धरून की सोडून, दुकानं नकोत, हे सगळं कागदावर लिहून त्याला दाखवा, आणि बॅग डिकीत ठेवू नका, मांडीवर ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप टाइम झोन बदलणारं बटण बंद करा, किंवा सरळ हातात घड्याळ घाला. रोजच्या कागदावर पोर्ट एजंटचा, म्हणजे जहाज कंपनीच्या तिथल्या माणसाचा, नंबर छापलेला असतो, तोही फोटो काढून ठेवा.

पेनांग छान झालं. तिथे जहाज थेट जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम पिअरला लागतं, बाहेर पडलात की चालत लिटिल इंडिया. २००८ पासून हे शहर युनेस्कोच्या यादीत आहे, चालण्यासारखं आहे, वेळेचा घोळ नाही. तिथे जहाजाची टूर घेऊन पैसे घालवू नका. जुन्या शहरात फुकट बस फिरते, आणि केक लोक सी देवळासाठी ग्रॅब करा. संपलं.

आता पैसे. बुकिंगच्या वेळी "सगळं इन्क्लुडेड" असं आम्हाला तीनदा सांगितलं गेलं. इन्क्लुडेड म्हणजे केबिन, बुफे आणि मोठ्या डायनिंग हॉलमधलं जेवण, शो, पूल. बस. आमच्या जहाजावर ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप, माणशी रोज १८ अमेरिकन डॉलर, आणि लहान मुलालाही तेवढीच. चौघांचे चार रात्रींचे २८८ डॉलर, रुपयात पंचवीस हजारांच्या आसपास. हे आम्हाला जहाजावर दुसऱ्या दिवशी अकाउंट बघितल्यावर कळलं. मला द्यायला काही वाटत नाही, आमची केबिन बघणारा मुलगा दिवसातून दोनदा येऊन सगळं आवरायचा, सासूबाईंसाठी न सांगता जास्तीची उशी आणून ठेवली त्याने, त्याचा हक्कच आहे. पण पंचवीस हजार हा मध्यमवर्गीय घराच्या बजेटमधला मोठा आकडा आहे आणि तो आधी सांगायलाच हवा होता. बुकिंग करतानाच ग्रॅच्युइटी प्रीपेड करता येते का ते विचारा, म्हणजे शेवटच्या दिवशी धक्का बसत नाही.

जहाजावर रोख चालत नाही, जहाजाचं कार्ड मिळतं, त्यावरच सगळा खर्च चढतो, आणि त्याला तुमचं बँकेचं कार्ड जोडतात. इथे डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड देऊ नका. ते लोक अंदाजाने रक्कम होल्ड करतात आणि ती सुटायला नंतर कित्येक दिवस लागतात, तेवढे दिवस तुमचे स्वतःचे पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. क्रेडिट कार्ड द्या, आणि त्याचं परदेशी चलनाचं मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, किती ते बघून ठेवा, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के असतं आणि वर जीएसटी.

मुलांचं कार्डही तुमच्याच अकाउंटला जोडलेलं असतं. आमच्या मुलाने गेम झोनमध्ये कार्ड स्वाइप करत एका दुपारी ४६ डॉलर उडवले, त्याला बिचाऱ्याला वाटलं सगळं फुकट आहे, आम्हीच तसं सांगितलं होतं. पहिल्या दिवशी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जाऊन मुलाच्या कार्डावर खर्च बंद करून घ्या, करून देतात. आणि केबिनमधल्या टीव्हीवर किंवा ॲपवर रोज रात्री अकाउंट बघा, चूक असेल तर त्याच दिवशी सांगा, शेवटच्या रात्री त्या काउंटरला हीऽऽ रांग असते.

दारूचं पॅकेज नवऱ्याने घ्यायचं ठरवलं तर कळलं की एका केबिनमधल्या एकाने घेतलं तर दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावंच लागतं. मी घेतच नाही, मग कशाला? सोडून दिलं. सुटी ड्रिंक घेतली तरी वर सर्व्हिस चार्ज लागतो तो मेनूतल्या किमतीत धरलेला नसतो. पाणी, चहा, कॉफी बुफेवर फुकट असतं, तेवढं पुरतं. फोटोग्राफर येऊन फोटो काढतात, काढू द्या, विकत घ्यायची सक्ती नाही.

वायफाय डिव्हाइसप्रमाणे पैसे घेतात, चौघांनी घेऊ नका, एकाच फोनवर घ्या. आणि जहाज बंदरातून सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर टाका म्हणजे टाकाच. समुद्रात फोन जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क पकडतो, ते आपल्या नेहमीच्या इंटरनॅशनल रोमिंग पॅकमध्ये येत नाही, आणि बिल हजारात जातं.

सामानाचं सांगते. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका, टर्मिनलवर स्कॅनरमध्ये दिसतं आणि काढून घेतात, उतरताना परत देतात. आमची किटली गेली, सासूबाईंचा सकाळचा चहा बुफे उघडेपर्यंत लांबला. घरचं शिजवलेलं अन्न जहाजावर चालत नाही, कंपनीचं सीलबंद पाकीट चालतं, म्हणजे दुकानातला पॅक चिवडा न्या, घरचा डबा नाही. आणि सिंगापूरला जाताना खसखस अजिबात नेऊ नका, तिथे ती बंदी असलेल्या मालात येते, म्हणजे घरचा मसाला, खसखशीचे अनारसे, सगळं घरीच ठेवा. खायची तंबाखू, गुटखा, व्हेप, च्युइंगम यांनाही तिथे बंदी आहे. शाकाहारी जेवणाची काळजी करू नका, बुफेवर डाळ-भात-पोळी होतं, जैन हवं असेल तर पहिल्याच रात्री डायनिंगच्या हेड वेटरला सांगा.

सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते नीट बघा, कारण जहाजाने तुम्ही बाहेर जाऊन परत आत येता. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरला पोचण्याआधीचा ऑनलाइन फॉर्म, विमानाने जाताना भरायचंच, पण जहाजाने परत उतरताना पुन्हा भरावं लागतं, पोचायचा दिवस धरून शेवटच्या तीन दिवसांत भरता येतं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात. पासपोर्ट, औषधं, चार्जर आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा, आमच्या मजल्यावरच्या एका काकांनी सगळंच बाहेर ठेवलं आणि सकाळी नाइट पँटवरच इमिग्रेशनला उभे होते.

बुकिंगच्या वेळी टीसीएस (परदेशी टूरवर आधीच घेतला जाणारा कर) कापलाय तो तुमच्या २६एएसमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सच्या साइटवरच्या कराच्या तक्त्यात, दिसतोय का तेवढं रिटर्न भरायच्या आधी बघा, तुमच्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. आणि एजंटला फोनवर काही विचारू नका, व्हॉट्सअपवर लिहून विचारा: ग्रॅच्युइटी किती आणि मुलाला लागते का, बंदराचे टॅक्स धरलेत का, व्हिसाची फी धरली का, फुकेतला टेंडर आहे का, जहाज कुठल्या वेळेवर चालतं. शेवटचा प्रश्न आम्ही परत आल्यावर आमच्या एजंटला विचारला तर त्याला उत्तर माहीत नव्हतं.