ड्रम्सचा सराव: सहाचा ठेका बसला, पाय अजून हाताला बांधलेला

चार मात्रांचा साधा रॉक ठेका आता ६०च्या टेम्पोवर (मिनिटाला ६० मात्रा) न अडखळता वाजतो. हाय-हॅटवर (झांजांची जोडी) आठ ठोके, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एक आणि तीनवर, स्नेअर (डाव्या हाताने वाजवायचा खणखणीत ड्रम) दोन आणि चारवर. पुढची पायरी म्हणजे तीननंतरच्या 'आणि'वर, म्हणजे तीन आणि चारच्या मधोमध, एक जादा किक. तिथे मात्र डावा हातही पायासोबत स्नेअरवर पडायला बघतो. यावर लागू पडलेला उपाय असा: स्नेअर सोडून द्यायची, टेम्पो ५०वर आणायचा, "एक आणि दोन आणि" मोठ्याने म्हणत फक्त हाय-हॅट आणि किक वाजवायची. मोजणं तोंडात पक्कं बसलं की मगच स्नेअर परत आणायची. मनातल्या मनात मोजून हे होत नाही, आवाज काढावाच लागतो.

मेट्रोनोमची, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणाऱ्या यंत्राची, एक युक्ती फार आवडली. ६०च्या ठेक्यासाठी तो ३०वर लावायचा आणि येणारी टिकटिक दोन आणि चार समजायची. एक आणि तीन आपण स्वतः सांभाळायचे. लय किती ढळते ते लगेच कळतं.

किट इलेक्ट्रॉनिक, मेश हेडचा, म्हणजे ठोकायची बाजू जाळीची. हातांचा आवाज दाराबाहेर जात नाही, पण किकची धमक जमिनीतून खालच्या मजल्यावर काकूंकडे पोचते. म्हणून प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून त्यावर किट ठेवला. धमक बरीच कमी झाली.

जळगावचा मे महिना ठाऊक असलेल्यांना सांगायला नको. पारा ४४च्या पुढे, वरच्या मजल्याच्या भिंती रात्रीही तापलेल्या. त्यामुळे सराव पहाटे. लाइट गेली तर रबरी पॅडवर रुडिमेंट्स, म्हणजे हातांचे मूळ सराव-नमुने: सिंगल (एकेका हाताने एकेक ठोका), डबल (दोन-दोन ठोके) आणि पॅराडिडल, म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवादकांच्या संस्थेच्या यादीत ४० रुडिमेंट्स आहेत. मी या तिघांवरच थांबलो आहे आणि घाई करणार नाही. घामाने ५ए मापाची स्टिक निसटायची. पकडायच्या जागेवरचं लॅकर बारीक पॉलिश पेपरने घासून काढलं, आता पकड छान बसते.

आता खरी आनंदाची गोष्ट. वरातीत आपल्याकडचे बँडवाले अहिराणी गाण्यांना जो सहाचा ठेका धरतात, तो किटवर बसला! हाय-हॅटवर सहा, किक एकवर, स्नेअर चारवर. तोंडाने सहा मात्रांच्या दादरा तालाचे बोल, "धा धी ना, धा तू ना". पहिल्या 'धा'ला पाय, दुसऱ्या 'धा'ला डावा हात. चारच्या ठेक्यात जो पाय हाताला चिकटून असतो, तो इथे आपोआप सुटतो. लहानपणापासून ज्या तालावर नाचलो तो अंगात आधीच मुरलेला असतो, असं मला ठामपणे वाटतं. इथल्या नवशिक्यांनी रॉक ठेक्याच्या बरोबरीनेच सहाचा धरावा. आजी खालून ओरडली, "काय ठोकी ऱ्हायना रे?" आणि मग स्वतःच जिन्यात बसून टाळ्या देत राहिली. टाळी बरोबर एक आणि चारवर.

पुढचं काम: हाच ठेका वेग वाढवून टिकवणं, आणि मधल्या मात्रांवर स्नेअरच्या घोस्ट नोट्स, म्हणजे जेमतेम ऐकू येणारे हलके ठोके. सहाच्या ठेक्यात कुणी त्या वाजवत असाल, तर कुठल्या मात्रेला कुठला हात वापरता ते जरूर सांगा.