लीड्सच्या खोलीत येडशीचा घाट

मागच्या रविवारी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, फोन टेबलाच्या कडेला उभा केला आणि बार्शी लाईट रेल्वेची माझी छोटी मॉडेल गाडी सोडली. इंजिन, प्रवाशांचे दोन डबे, चार मालडबे, शेवटी गार्डाचा डबा. येडशी सोडून गाडी डोंगराकडे वळली. अण्णा लातूरच्या घरातून डोळे बारीक करून बघत होते. मग म्हणाले, "लई पळवूलालास रं. घाटात अशी नव्हती पळत ती."

खरं होतं. 1:87 प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान मापात, ताशी 25 किलोमीटर म्हणजे टेबलावर सेकंदाला जेमतेम 8 सेंटिमीटर. माझं आठ फुटी टेबल ओलांडायला गाडीला अर्धा मिनिट लागायला हवा. मी बटण मागे फिरवलं. आता अण्णांचा चेहरा निवळला.

लातूर-बार्शीकडच्या माणसाला बार्शी लाईट काय होती हे सांगायला नको, पण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने आखलेली ही अडीच फुटी रुळांची रेल्वे. 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी सुरू झाली. 1906 मध्ये पंढरपूरला पोचली, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला. रूळ हलके होते, वाराला 30 पौंडांचे. म्हणून कॅलथ्रॉपने नियमच केला की इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. त्यामुळे इंजिनाचं वजन पुष्कळ चाकांवर वाटून द्यावं लागलं.

ती पहिली इंजिनं बनली इंग्लंडमधल्या लीड्समध्ये, किटसन कंपनीच्या हन्स्लेटमधल्या कारखान्यात. इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून सगळी गाडी चालवून दाखवली होती. मी नोकरीसाठी या गावात आलो तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. इथल्या मॉडेल रेल्वे क्लबात पहिल्यांदा गेलो, तेव्हा सत्तरीच्या एका गृहस्थांनी विचारलं, "गाव कोणतं?" मी म्हणालो, "लातूर." ते लगेच म्हणाले, "बार्शी लाईट!" माझ्या अंगावर काटा आला. साडेसात हजार किलोमीटरवरच्या माणसाला लातूर हे रेल्वेचं शेवटचं स्टेशन म्हणून ठाऊक होतं. छंद त्या दिवशी लागला.

पहिला पेच प्रमाणाचा. इंग्लंडमधले बहुतेक लोक 1:76 प्रमाणात काम करतात, घरं, माणसं, बैलगाड्या सगळं त्याच मापाचं मिळतं. पण अडीच फूट म्हणजे 762 मिलिमीटर. त्याला 76 ने भागलं तर 10 येतात, आणि बाजारात रूळ मिळतो 9 मिलिमीटरचा. 1:87 घेतलं तर उत्तर 8.76 येतं. मी 1:87 घेतलं. त्यासाठी इथल्या दुकानातली निम्मी सामग्री सोडावी लागली, पण गाडीखाली रूळ योग्य रुंदीचा दिसतो, आणि छोट्या गाडीची सगळी शोभा त्या अरुंदपणातच आहे.

रुळाच्या उंचीचंही तसंच. तयार रूळ 2 मिलिमीटर उंच, म्हणजे खऱ्या मापात साडेसतरा सेंटिमीटर. त्यावरून राजधानी जाईल! मग 1 मिलिमीटरचा रूळ आणून लाकडी स्लीपरवर एकेक डाग देत बसवला. सहा फुटांना तीन महिने लागले. इंजिनाचं वरचं अंग थ्रीडी प्रिंटरवर काढलं, खाली जपानी इंजिनाची आठ चाकांची चेसिस, मागे चार छोट्या चाकांची बोगी जोडली. एवढं हलकं इंजिन रुळावर धुळीचा कण आला तरी थबकतं. म्हणून आत थोडी वीज साठवणारा छोटा कपॅसिटर बसवलाय आणि दर खेळाआधी रूळ स्पिरिटने पुसतो.

पण खरं शिक्षण झालं मातीने. इथे मिळणारं सगळं गवत हिरवं, झाडं ओकची, दगड चुनखडीचा. पहिल्या वर्षी मी काळी माती म्हणून सरळ काळा रंग फासला. फोटो पाठवला तर अण्णा म्हणाले, "हे काय, डांबर सांडलंय का?" जानेवारीत गावी गेलो तेव्हा चुलतभावाच्या मोटारसायकलवर बसून येडशीला गेलो आणि रामलिंगच्या डोंगरापर्यंत दिवसभर नुसतं बघत फिरलो. वाळलेली काळी माती काळी नसतीच, ती राखाडी-तपकिरी असते. नांगरटीच्या ढेकळाखाली ओल असली तिथेच काळी. बेसाल्टचा डोंगर कोरड्या दिवसांत लालसर दिसतो. आयुष्यभर ज्या मातीत वाढलो तिचा रंग मला परत येऊन शिकावा लागला.

आता माझ्या टेबलावर जानेवारी आहे, हुरड्याचे दिवस. शाळूची ताटं ब्रशच्या केसांची, कणसं गोंदात बुडवून बारीक रव्यात घोळवलेली. बाभळी तारेच्या, वर पिवळ्या फुलांची पूड. भेगांसाठी मातीच्या लगद्यात गोंद कमी घालून तो हीटरजवळ वाळवला. आपोआप फुटला, अगदी आपल्या शेतासारखा.

क्लबात महिन्यातून एकदा आम्ही गाड्या वेळापत्रकाने चालवतो. प्रत्येक मालडब्याचं एक कार्ड आहे: लातूरहून तूरडाळ, कुर्डुवाडीला जाणार. पडद्याआड एका बाजूला लातूर, दुसऱ्या बाजूला बार्शी. मध्ये येडशीच्या लूपवर, म्हणजे बाजूच्या जोडरुळावर, समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग. इंग्रज सांधेवाला "येडशी"चा उच्चार शिकलाय. कुर्डुवाडीत रुंद रुळांच्या गाडीत माल हमालांनी डोक्यावरून चढवावा लागे, हे सांगितलं तेव्हा सगळे काम थांबवून ऐकत होते. आषाढीला मालडब्यांतही वारकरी बसायचे, हे अण्णांनी स्वतः पाहिलेलं. त्या डब्यात आता पांढऱ्या टोप्यांची बावीस माणसं आहेत, प्रत्येक जण तांदळाच्या दाण्याहून दुप्पट-तिप्पट उंच.

कॅलथ्रॉपने त्याच अडीच फुटी मापाची एक रेल्वे इंग्लंडातही बांधली होती, स्टॅफर्डशायरच्या मॅनिफोल्ड खोऱ्यात, 1904 मध्ये. ती 1934 मध्ये बंद पडली, रुळांच्या जागी आता पायवाट आहे. मुलीला घेऊन ती चाललो. तिला सांगितलं, लातुरातही जुन्या रेल्वे लाईनवर आता रस्ता आहे.

आपली लाईन मात्र संपली नाही, रुंद झाली. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी घेऊन दहा टँकरची पहिली गाडी आली, तीही मिरज-कुर्डुवाडी वाटेनेच. तेव्हा मी इथे बातम्या बघत होतो आणि अण्णा तिकडे घागर घेऊन रांगेत होते.

येडशीच्या फलाटावर इंजिनासाठी पाण्याची टाकी उभी करायची राहिली आहे. अण्णा म्हणतात ती बार्शीच्या बाजूला होती, मुरूडचे मामा म्हणतात लातूरच्या. दोघांना पुढच्या रविवारी एकाच कॉलवर घेतोय.